काचेवरचं कुंकू

आमच्या घरात देवाच्या फळीशेजारी एक बाई टांगलेली होती. देवातली नव्हती, नात्यातली नव्हती. कुणाची कोण, ते आम्हाला लई वर्षं माहीत नव्हतं. तरी माझी बायको तिला रोज कुंकू लावायची.

बायको जाऊन आता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर तिचा फोटो पाहिजे असं पोराचं म्हणणं. अन् फोटो नाही. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला, पण माणसासारखा एक फोटो काढून ठेवला नाही. मी घरच्या माणसाचं कौतुक करणारा नव्हतो, ते आता खरं खरं लिहितो. रोज डोळे मिटून तिचं तोंड आठवायला बघतो, तर आधी त्या काचेतल्या बाईचंच तोंड पुढं येतं. म्हणून तिच्यापासून सांगणं भाग आहे.

मी सिल्लोडकडचा. शाळा चौथीपर्यंत. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. पोरगा सहा महिन्यांचा. बाया आपापली लेकरं बाभळीला झोळीत टांगून कामाला बसायच्या. एका बाईचं दूध आटलं होतं. तिचं लेकरू रडायचं, मग रडायचंही बंद झालं. आमची ही कुणाला न विचारता उठली, ते लेकरू उचललं अन् पदराखाली घेतलं. मग रोजच घ्यायला लागली. एका अंगाला आपलं, एका अंगाला दुसरीचं. मी एकदा म्हणालो, आपल्यालाच पुरंना अन् तू वाटत बसली. ती म्हणाली, "तुमी खडी फोडा." तेवढंच. पुढं आयुष्यभर तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, मीही नाही.

दुष्काळ सरला, पण गावात परत मन लागलं नाही. औरंगाबादला आलो. गुलमंडीत एका काचवाल्याच्या दुकानात कामाला राहिलो. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. शिव्या देत शिकवायचा, पण शिकवायचा. हिऱ्यानं काच कापताना हात थांबवायचा नाही. रेघ चांगली पडली तर बारीक आवाज येतो, वाईट पडली तर कचकचते. कापून झाली की पुसायची, पुसून झाली की तोंडाची वाफ द्यायची. उस्ताद म्हणायचा, "कपड्याला काय कळतं? वाफ दे, खोट दिसती." अन् खरंच दिसायची. वरून लख्ख वाटणाऱ्या काचेवर वाफ दिली की कुणाची बोटं, कुठला जुना ठिपका, सगळं वर यायचं अन् हळूहळू परत आत जायचं. पुढं सवय अशी लागली, की कुठलीही काच हातात आली की मी आधी पुसतो, मग वाफ देतो, अन् बघतो सगळ्यात शेवटी.

शहर तेव्हा वाढायला लागलं होतं. कंपन्या आल्या, कंपन्यांमागं माणसं आली, माणसांमागं खोल्या अन् खोल्यांना खिडक्या. मी लावलेल्या काचांतून किती लोक बाहेर बघत असतील, कुणास ठाऊक. आम्ही स्वतः पडेगावला जागा घेतली. तेव्हा तिथं नुसता माळ. दुपारी दौलताबादच्या रस्त्यावर ऊन असं हलायचं, की किल्ल्याचा डोंगर पाण्यात उभा असल्यासारखा वाटायचा. पाणी मात्र हंडाभर मिळायची मारामार.

ती बाई आली छावणीतल्या, पलटणीच्या भागातल्या, एका जुन्या बंगल्यातून. बंगल्याचा रखवालदार चौकट काखेत मारून दुकानात आला. काच फुटलेली. नवी बसव म्हणाला अन् गेला. मी चौकट उघडली. सागवानी, जड, मागं चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून पुठ्ठा बसवलेला. आत जाड कागदावर छापलेलं चित्र. एक म्हातारी, डोक्यावरून पदर, खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. रंग नाही, सगळं काळ्या रेघांचं. रेघा तरी किती बारीक. तोंड जवळ नेलं तर बाई दिसायचीच नाही, पाऊस तिरका पडावा तशा नुसत्या रेघा. दोन पावलं मागं सरकलं की बाई परत येऊन खुर्चीत बसायची. मी दोन-तीन वेळा पुढं मागं केलं, तर उस्तादनं शिवी दिली.

कागदाच्या पाठीवर शाईनं बरंच काही लिहिलेलं होतं, इंग्रजीत. मला काय कळणार. काच कापली, पुसली, बसवली. उस्तादनं बघितली अन् काही बोलला नाही, म्हणजे चांगली कापली होती.

रखवालदार परत आलाच नाही. महिना गेला, वर्ष गेलं. मी एकदा छावणीत चौकशीला गेलो तर बंगला पाडलेला. आता तिथं मंगल कार्यालय आहे. दुकानात जागा अडती म्हणून उस्ताद म्हणाला, घेऊन जा घरी.

बायकोनं चौकट हातात घेतली. मी म्हणालो, कुण्या साहेबाची आजी असंल, सागवान चांगलं आहे, माणूस काढून टाकू, त्यात देव बसवू. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही. पदरानं काच पुसली, देवाच्या फळीशेजारी खिळा मारायला लावला, अन् दुसऱ्या दिवशी देवांना कुंकू लावून झाल्यावर तेच बोट चित्रातल्या म्हातारीच्या कपाळाला टेकवलं. झालं. तेव्हापासून रोज. आंघोळ करून ओल्या केसांनी यायची अन् करंगळीशेजारच्या बोटानं लावायची. काल लावलेलं पुसायची नाही. त्यावरच आजचं. काचेवर चार आण्याच्या नाण्याएवढा तांबडा थर धरला होता, वाळून खडबडीत झालेला.

तिच्याशी बोलायची पण. देवाशी कधी बोलली नाही, हिच्याशी बोलायची. टँकर आला नाही, हिला सांगायचं. पोराला ताप आला, हिला सांगायचं. पाण्याच्या टंचाईच्या वर्षांत दुपारी हंड्यांची रांग दारापर्यंत यायची, सगळ्या बाया सावलीला आमच्या ओट्यावर. त्याही मग हिला हात जोडायला लागल्या. कुणी म्हणालं, पाण्याची देवी आहे. कुणी म्हणालं, हिला सांगितलं की टँकर येतो. माझी बायको हसायची, हो म्हणायची नाही अन् नाही पण म्हणायची नाही.

मला आठवतं ते असं, की मी जेवून आडवा झालेलो, डोळ्यांवर झापड. समोरच्या खिडकीतला उजेड त्या काचेवर पडलेला. काचेत आमचा माळ दिसतोय, लांबचा डोंगर दिसतोय, अन् बायको पुढं उभी राहिली की तिचं तोंड आतल्या बाईच्या तोंडावर बरोबर बसतंय. कोणतं कोणाचं, झोपेत कळायचं नाही. दोघी माझ्याकडं बघतायत असं वाटायचं. मी कूस बदलायचो.

अशाच एका उन्हाळ्यात मास्तर आले. उर्दू शाळेचे रिटायर मास्तर, राहणार जुन्या शहरात, उस्तादच्या दुकानात रोज पेपर वाचायला बसायचे. पडेगावात प्लॉट बघायला आले अन् आमच्याकडं पाणी प्यायला थांबले. तांब्या तोंडाला लावता लावता भिंतीकडं नजर गेली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमारी ये देवी खुर्चीपे कायकू बैठी रे?"

मी म्हणालो, ती देवी नाय, पण कोण हाय ते बी ठाऊक नाय. मास्तरांनी चष्मा लावला. चित्राच्या खाली मुंगीएवढी अक्षरं होती, ती आम्ही नक्षी समजत होतो. मास्तरांनी वाचली अन् हसायलाच लागले. "आया, औरंगाबाद, इत्तंच लिखेला है. किसी साब के बच्चे संभालती थी बेचारी. मुसलमान की हिंदू, सुहागन की बेवा, अल्ला जाने. अन् तुमी हिला रोज कुंकू लावता?"

मला शरम वाटली. बायकोला नाही वाटली. ती परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुंकू मी काचेला लावते, मास्तर. तिला कुठं लावते?"

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. मग मला आठवलं, पाठीवर लिहिलेलं आहे म्हणून. तसं म्हणताच बायकोनं हात धुतले. मी चुका काढल्या, पुठ्ठा काढला. चित्र काचेसकट चौकटीतच राहिलं. मास्तर खाटेवर बसले अन् चौकट दोन्ही हातांत आरशासारखी धरून पाठीवरचं वाचायला लागले. आमची ही समोर जमिनीवर बसली. म्हणजे तिच्याकडं त्या बाईचं तोंड, अन् आवाज येतोय त्या तोंडाच्या मागून. मास्तरांचं डोकं चौकटीआड. ते इंग्रजी मनात वाचायचे अन् थांबून थांबून आमच्या बोलीत सांगायचे. मला तर असंच वाटायला लागलं, की ती बाईच बोलतेय, दात पडलेल्या म्हाताऱ्या आवाजात.

लिहिलं होतं साहेबाच्या मुलीनं. ते असं.

फार पूर्वी एक मोठा दुष्काळ पडला. उत्तरेकडच्या खेड्यांतून माणसं चालत शहराकडं निघाली. त्यांत ही होती. वाटेत तिचं तान्हं गेलं. रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली पुरलं अन् पुढं चालली. छावणीत बंगल्याच्या फाटकाशी येऊन बसली. बंगल्यात मडम बाळंत होऊन तापानं पडलेली. इकडं दूध होतं अन् लेकरू नव्हतं, तिकडं लेकरू होतं अन् दूध नव्हतं. खानसाम्यानं हिला आत नेलं. ते लेकरू म्हणजे लिहिणारी मुलगी. मग तिच्या मागची तीन भावंडंही हिच्याच मांडीवर वाढली. वर्षात एकच दिवस सुटी मागायची. चालत त्या लिंबापर्यंत जायची अन् दुसऱ्या दिवशी चालत यायची. साहेबाची बदली विलायतेला झाली, तेव्हा सगळे हिलाही न्यायला निघाले. बंदरापर्यंत गेली. बोटीवर चढायच्या वेळेला म्हणाली, तिथून सुटीच्या दिवशी चालत येणं व्हायचं नाही. अन् परत फिरली.

निघायच्या आधी साहेबानं एका चित्रकाराकडून तिचं तोंड तेवढं कागदावर उतरवून घेतलं होतं. बाकीचं अंग त्यानं विलायतेत बसून पुरं केलं अन् छापलं. मुलीनं लिहिलं होतं, तोंड तुझं आहे. खुर्ची आमच्या इथली आहे, तू कधी खुर्चीत बसली नाहीस. हात कोणा भलत्याच बाईचे आहेत. तुझ्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, तो यात नाही, म्हणून आम्ही चौघं फार रडलो. हे तुझ्यासाठी पाठवते. कुणी वाचता येणारं असेल तर वाचून घे.

अन् शेवटी एक ओळ होती. मास्तरांनी ती दोनदा वाचली, मग सांगितली. "तुझं नाव आम्ही कधी विचारलं नाही."

 बाहेर हंड्यांची भांडणं चालली होती ती लांबची वाटायला लागली. मला खडीचं काम आठवलं, बाभळीच्या झोळ्या आठवल्या. मी बायकोकडं बघितलं. ती मला बघू देईना, चित्राकडं बघत होती.

"तिला कुणी वाचून दाखवलं असंल का?" तिनं विचारलं.

मास्तर म्हणाले, "अल्ला जाने. ये तस्वीर आई तब वो थी की नै, किसको मालूम."

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की म्हणजे चित्र खोटंच की, अंग एकीचं अन् तोंड एकीचं. त्यावर ती मला म्हणाली, "हात कुणाचे का असंनात. तोंड खरं हाय ना? मग ती हाय." उठली अन् परत कणकेला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काचेला कुंकू.

मास्तर गेले, उस्ताद गेला, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पडेगावच्या माळावर आता माळ शोधावा लागतो. आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा तिथं तीन मजली इमारत उभी राहिली, तिच्या काचा मी नाही लावल्या, कंपनीवाल्यांनी लावल्या, निळ्या. बायको आजारी पडली तीन महिने. शेवटचे काही दिवस उठता येईना, तर खाटेवरूनच सुनेला बोट दाखवायची, लाव म्हणून. सुनेनं लावलं की नाही, मला माहीत नाही. माझं तिकडं लक्ष नव्हतं.

आता फोटोचं. पोराच्या लग्नाचा अल्बम आहे, त्यात ही सगळीकडं पाठमोरी नाहीतर ताटाआड. राहिलं आधार कार्ड. त्यावर ती पोलिसानं धरल्यासारखी दिसते. पोरगा मला घेऊन फोटोवाल्या बाईकडं गेला. कॉम्प्युटरवर बसलेली चाळिशीची बाई, कामाची हुशार. तिनं आधारवरचं तोंड कापून मोठं केलं अन् विचारलं, काका, बॉडी कोणती लावू? पडद्यावर एकापुढं एक बिनडोक्याच्या बाया आल्या. पैठणीवाली, काठपदराची, हातात पाटल्या, गळ्यात चपलाहार. मी म्हणालो, तिच्याकडं पैठणी नव्हती. बाई म्हणाली, आता असू द्या की. मी म्हणालो, तिचा गळा असा नव्हता, खांदे असे नव्हते, खडी फोडून तिचा उजवा खांदा खाली आला होता. बाई म्हणाली, "काका, सगळ्यांना मी हेच खांदे लावते. कुणी तक्रार करत नाही." पोरगा म्हणाला, "आबा, चला ना, करू द्या त्यांना." मी उठून बाहेर आलो.

बाहेर रस्त्यावर उभा होतो, रिक्षा चालल्या होत्या, डोक्यावर ऊन. अन् कणिक मळता मळता बोललेलं तिचं वाक्य कानात आलं. हात कुणाचे का असंनात. मी परत आत गेलो अन् त्या बाईला म्हणालो, लावा कोणतीही, पण तोंडाला पावडर फासू नका, सुरकुत्या काढू नका, तोंड आहे तसं ठेवा. तिनं ठेवलं.

फोटो छापून आला. चौकट मीच करणार म्हणालो. पोरगा म्हणाला, आता काच कोण लावतं, प्लास्टिक येतं. मी म्हणालो, माझ्या बायकोला प्लास्टिक नाही. हिरा काढला, बाजारातून काच आणली. पण हात थरथरतो. दोन काचा फोडल्या. रेघ कचकचायला लागली तेव्हाच कळत होतं, तरी ओढत राहिलो. मग भिंतीकडं बघितलं. त्या चौकटीची काच मापात होती. माझ्याच चांगल्या हातानं कापलेली. ठरवलं, ही बायकोच्या फोटोला घालू, अन् म्हातारीला पुढं कधी नवी बघू.

चौकट उतरवली, चुका काढल्या, काच बाहेर घेतली. अन् ओल्या कागदानं पुसली. घासून, दोन्ही बाजूंनी. कडेला चिकटलेलं नखानं काढलं. पन्नास वर्षांचा नियम हातात भरलेला. काच हातात आली की पुसायची अन् बघायचं शेवटी. मी शेवटी बघितलं, तेव्हा काच लख्ख होती अन् माझ्या हातातला कागद तांबडा झाला होता.

तिनं रोज लावलेलं, एकावर एक, सगळं त्या कागदात. मी कागद उलगडून बसलो. त्यात काय दिसणार, लाल चिखल.  माझ्याजवळ तिच्या हातचं तेवढंच होतं, अन् ते जवळ आहे हेसुद्धा मला पुसल्यावर कळलं. सून चहा ठेवून गेली, तो तसाच साय धरून गार झाला.

किती वेळ बसलो सांगता येत नाही. मग काच उचलली, अन् सवयीनंच, दुसरं काही डोक्यात नव्हतं, वाफ दिली.

ठिपका वर आला. चार आण्याच्या नाण्याएवढा, गोल, एका बाजूला जरा ओढल्यासारखा. ती बोट टेकवून उजवीकडं निसटतं सोडायची, तसा. काच तिथं कायमची भरड झाली होती. चुन्यानं होते, कुंकवात चुना असतोच. वाफ विरत गेली अन् ठिपकाही गेला. परत दिली, परत आला. मी लहान पोरासारखा ते करत बसलो, छाती दुखेपर्यंत.

फोटोवर काच ठेवली तर ठिपका तिच्या कपाळावर येईना. कानाच्या बाजूला, मागच्या मोकळ्या निळ्या जागेत यायचा. मग मी फोटो आत सरकवत सरकवत कपाळ त्याच्याखाली आणलं. त्यानं फोटो एका अंगाला गेला, दुसरीकडं चार बोटं पुठ्ठा उघडा राहिला. तशाच चुका मारल्या. पोरगा म्हणाला, आबा, जन्मभर हेच काम केलं अन् आईचाच फोटो वाकडा बसवला. मी म्हणालो, राहू दे. पाहुणे बघतील तर बघतील.

म्हातारी सध्या बिनकाचेची शेजारी टांगलेली आहे. पहिल्यांदाच तिच्या तोंडाला हात लावून बघितला. कागदच लागतो, जाड, थोडा खरखरीत.

काल सून आंघोळ करून कुंकवाचा करंडा घेऊन आली. म्हणाली, "आबा, आत्याबाईंना लावू का? अन् यांना?" म्हातारीचा कागद खराब होईल म्हणून तिथं नको म्हणालो. फोटोकडं बोट केलं अन् म्हणालो, "काचेला लाव."

"कुठं लावू?"

मी जवळ गेलो, काचेवर वाफ दिली. ठिपका आला. तिला दिसला, कारण तिचा हात हवेतच थांबला.

"लाव लवकर," मी म्हणालो. "जातो तो."